बिदरला दिलेल्या लेकी

शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि त्यातली बहुतेक वर्षं एका बाईवर अन्याय केला. तिला जाऊन पाचशेच्या वर वर्षं झाली, त्यामुळे तिची माफी मागायची काही सोय राहिलेली नाही. पण लिहून ठेवायला हरकत नाही.

आमची शाळा मोताळा तालुक्यात, रोहिणखेडपासून जवळच. रोहिणखेडला आज मुद्दाम कुणी जात नाही. जुनी मशीद आहे, आजूबाजूला मका आणि कपाशी आहे, आणि उन्हाळ्यात गुरं सोडली की धूळ आहे. पण एके काळी बऱ्हाणपुराकडून घाट चढून वऱ्हाडात यायचं तर याच बाजूनं यावं लागे, म्हणून इथं लढाया झाल्या. शाळेच्या कपाटात जिल्ह्याच्या माहितीचं एक जाडजूड जुनं पुस्तक होतं, मागची पानं उंदरांनी खाल्लेलं. त्यात मला ती राजकन्या सापडली. पाठ्यपुस्तकात ती नव्हती. पण आपल्या गावाजवळची गोष्ट म्हणून मी दर वर्षी नववीच्या वर्गाला सांगायचे.

गोष्ट अशी. खानदेशच्या सुलतानानं आपली मुलगी बिदरच्या राजघराण्यात दिली. राजघराण्यातली सोयरीक म्हणजे तेव्हा तहच असायचा. तिचा नवरा पुढे गादीवर बसला. मग कोकणातला एक राजा हरला आणि त्याची मुलगी बिदरच्या महालात आली. ती फार देखणी होती म्हणतात. सुलतान तिच्याकडेच राहू लागला. पहिलीनं बापाला पत्र लिहिलं. बाप फौज घेऊन वऱ्हाडात घुसला. बिदरहूनही फौज निघाली, रोहिणखेडला गाठ पडली आणि बाप हरला. त्याची राजधानी लुटली गेली, तो एका किल्ल्यात जाऊन बसला आणि थोड्याच दिवसांत झुरून मेला.

इथवर सांगून झालं की मी खडू टेबलावर ठेवायचे आणि मुलींच्या बाकांकडे बघून म्हणायचे, "पाहिलं? एका बाईनं माहेरी चुगली केली आणि केवढं रामायण झालं." पोरं हसायची. पोरी खाली बघायच्या. परीक्षेत 'कारणे लिहा' म्हणून प्रश्न टाकायचे आणि पहिलं कारण 'राजकन्येची तक्रार' असं लिहिलं नाही तर अर्धा गुण कापायचे. फौज आणली बापानं, दुसरी आणली नवऱ्यानं आणि माझ्या वर्गात आरोपी म्हणून उभी राहायची ती. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला कुणी तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. माझा स्वभावच तसा होता.

त्या पुस्तकात बापाचं नाव होतं, नवऱ्याचं होतं, सेनापतीचं होतं, कुठकुठल्या किल्ल्यांचंही होतं. तिचं नव्हतं. म्हणून मीही इथं कुणाचं नाव लिहीत नाही. राजांचं नाही आणि आमच्या घरातलंही नाही.

आता आमच्या घरातलं. आम्हाला एकच मुलगी. पुण्याला नोकरीला गेली आणि तिकडेच तिनं नवरा शोधला. मुलगा कानडी बोलणारा, घर बिदरचं. तिनं फोनवर बिदर म्हटलं तेव्हा मी ते नाव पुन्हा विचारून घेतलं. मग तीच हसायला लागली. नववीत ती माझ्याच वर्गात होती.

"घाबरू नको," ती म्हणाली. "मी चिठ्ठ्या लिहिनार नाही."

तिच्या बाबांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं. शेतकऱ्याच्या घरात एवढ्या लांबची सोयरीक कुणी केली नव्हती. पण मुलगा पाहिल्यावर त्यांचा विरोध उरला नाही. बिदरकरांना शेगावचं दर्शन घ्यायचं होतं आणि आम्हाला माणसं बघायची होती, म्हणून बोलणी शेगावच्या एका लॉजच्या खोलीत झाली. व्याही कापडाचे दुकानदार, अबोल. विहीणबाई ठेंगण्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या, पण बोलायला खणखणीत. त्यांना मराठी समजायची थोडी, बोलता येत नव्हती. आम्हाला कानडी येत नव्हती. मग त्यांची बिदरी हिंदी आणि आमची वऱ्हाडी हिंदी यांचं जमलं. त्या "नक्को" म्हणायच्या, आमचे हे कारण विचारायला "काऊन?" म्हणायचे आणि सगळे हसायचे. माणसं मला आवडली. लग्न झालं.

वर्षभर दोघं पुण्यात होती. मग व्याह्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला, दुकान बघायला कुणी नव्हतं, म्हणून जावई बिदरला परतला. मुलगीही नोकरी सोडून गेली. तिनं स्वतः ठरवून सोडली. कुणी सांगितलं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते.

ती रोज दुपारी चारला फोन करायची. त्या घरात जेवणं आटोपून सगळी आडवी व्हायची ती वेळ. तीनेक महिन्यांनी एका दुपारी तिचा आवाज मला वेगळा लागला. मी विचारलं, तर आधी नाही नाही म्हणाली. मग बोलली.

"आई, मले इथं करमत नाही. कोनी वंगाळ नाही, सारे चांगले हायेत. पन दिवसभर माह्या डोक्यावरून बोलनं चालते. सारे हासले का मी बी हासतो. मंग कोनी विचारते, तुले काय समजलं? मी भाकरी केली तं अत्ते पुन्हा करते, म्हंते आपली पातळ असते. हे रात्री येतात, थकेल असतात. मी कोनासंग बोलू?"

अत्ते म्हणजे त्यांच्याकडे सासूबाई. ती रडत नव्हती. पण मध्येच थांबत होती, आणि ते मला रडण्यापेक्षा जड गेलं.

"मी येऊ का?" मी विचारलं.

"नको. तू फक्त आयक. अन बाबाले सांगू नको."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला. आमचे हे ओसरीवर तुरीचं बियाणं निवडत बसले होते. मी अर्धा तास स्वयंपाकघरात इकडचा डबा तिकडे केला. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. वर आणखी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं. म्हटलं, "पोरीला तिथं माणसात धरत नाहीत." हे तिनं म्हटलंच नव्हतं. पण मला राग आला होता आणि रागात माझ्या वाक्यांना धार येते, ती सवय वर्गातली.

ह्यांनी सूप खाली ठेवलं. संध्याकाळी त्यांनी माझ्या दादाला फोन केला. दादा देऊळघाटला असतो, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, आणि नात्यात कुठंही काही मिटवायचं असलं की त्याला बोलावतात. ह्यांनी त्याला सांगितलं, पोरीला त्रास आहे. दादानं माझ्या दिराला सांगितलं, पोरीचा छळ चालला आहे. दिरानं आणखी तिघांना काय सांगितलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते आमच्या अंगणात आले तेव्हा त्यांचे चेहरे मयतीला आल्यासारखे होते.

आमच्याकडे रीत आहे. लेकीला सासरी त्रास असला की माहेरची चार-सहा जाणती माणसं गाडी करून जातात. आधी कळवत नाहीत, कारण कळवलं तर तिकडचे सावध होतात. आणि बोलणं मिटेपर्यंत त्या घरचं पाणी पीत नाहीत. पाणी घेतलं म्हणजे अर्धी माघार घेतली. इकडच्या गावांत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाहुण्यांनी तळहात वर केला की घरचे समजतात, पाणी तिथंच ठेवतात आणि बोलायला बसतात. मिटलं की तेच पाणी, मग चहा, मग जेवण. कुणाला त्यात अपमान वाटत नाही. माझ्या चुलत बहिणीच्या वेळी तर दोन्हीकडची माणसं पुढे त्याच घरी पंगतीला बसून पुरणपोळी जेवली होती.

मी थांबवायला हवं होतं. तिनं नको म्हटलं आहे, हे निदान बोलायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. माझ्या पोरीसाठी सहा माणसं कामधंदा सोडून निघत होती. मला वाटलं, बघा म्हणावं, ही एकटी नाही. मी स्वतः शिदोरीला दशम्या केल्या, मिरचीचा ठेचा बांधला आणि सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसले. रोहिणखेडची लढाई इतकी वर्षं शिकवलेली बाई मी. मला त्या क्षणी ती आठवलीसुद्धा नाही.

भल्या पहाटे निघालो. चिखली, जालना, परभणी, उदगीर. एप्रिल महिना होता आणि गाडीतला पंखा नावालाच फिरत होता. उदगीरच्या पुढे आमचं पाणी संपलं. दादा म्हणाला, "आता पोचतोच हाय, कायले थांबा?" घशाला कोरड पडली होती, पण रीत पाळायची तर वाटेतच पिऊन घ्यायला हवं होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

साडेतीनच्या सुमारास आम्ही त्यांच्या दारात उतरलो. दार मुलीनंच उघडलं. आम्हाला बघून तिचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, बरं झालं आलो. ती तशीच आत पळाली, बैठकीत सतरंजी घातली, पंखा लावला, आणि पुन्हा आत गेली. विहीणबाई उठून बाहेर आल्या, पदर सावरत, हसत. "अचानक? सब खैरियत?" असं काहीतरी म्हणाल्या. दादानं नुसती मान हलवली.

मग मुलगी पाणी घेऊन आली. ट्रेमध्ये स्टीलचे सात पेले, घासूनपुसून लख्ख. माठातलं पाणी, वाळ्याचा वास येत होता. ती आधी दादासमोर वाकली. दादानं तळहात वर केला. ती जरा थबकली आणि माझ्या दिराकडे गेली. त्यानंही तळहात वर केला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. तिच्या बाबांनी हात वर केला नाही, पण पेलाही घेतला नाही, ते खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी ती माझ्यासमोर आली.

"आई, मी आनलं ना पानी," ती हळूच म्हणाली.

मला इतकी तहान लागली होती की पेल्यावरचे थेंबसुद्धा मला दिसत होते. पण सहा माणसं रीत पाळून बसली होती आणि मी त्यांना इथवर आणलं होतं. मीही हात वर केला.

आमच्याकडे हे घडलं असतं तर सासू शांतपणे समोर बसली असती. विहीणबाईंना काहीच कळेना. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी ट्रेमधला एक पेला उचलला आणि आमच्यासमोर, उभ्याउभ्या, स्वतः पिऊन दाखवला. सगळा. रिकामा पेला ठेवून त्या म्हणाल्या, "पानी अच्छा है जी. या हमारे घर का पानी चलता नै आप लोगां को?"

त्या काय समजल्या ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना वाटलं, आम्ही त्यांची जात बघतो आहोत.

मी तोंड उघडण्याआधी मुलगी बोलायला लागली. कानडीत. मोडकंतोडकं होतं, शब्द शोधत होती, मध्ये हिंदी घालत होती, हातानं दाखवत होती. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. एवढंच कळत होतं की ट्रे हातात घेऊन माझी पोर तिच्या सासूला आमची रीत समजावून सांगते आहे, आमच्या वतीनं माफी मागते आहे, आणि त्यासाठी तिला येत नसलेली भाषा वापरते आहे. विहीणबाई ऐकत होत्या. पण त्यांचा चेहरा सैल होत नव्हता.

व्याही आतून भिंतीचा आधार घेत बाहेर आले. जावयाला दुकानातून बोलावणं गेलं, तो धावत आला. दादानं घसा साफ करून सुरुवात केली, "बात ऐसी है का हमारी भाची को इधर तरास है."

"मामा," मुलगी म्हणाली, "मले काहीच तरास नाही. तुमाले कोनं सांगतलं?"

सहाच्या सहा माणसांनी माझ्याकडे बघितलं. तिनं नाही बघितलं. ती ट्रेमधले पेले सरळ करत होती.

बोलणं तिथंच संपलं. त्रास नाही म्हटल्यावर मिटवायचं काय? जावई गोंधळलेला, पण भला माणूस, त्यानं स्वतः पुन्हा पाणी आणलं. ते आम्ही प्यायलो. मग जेवायला बसवलं. ज्वारीची कागदासारखी पातळ भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. विहीणबाईंनी वाढलं, आग्रहही केला, पण शेगावच्या लॉजमध्ये केला होता तसा नाही. परतताना गाडीत माणसं मोकळी झाली. दीर म्हणाला, "पोरगी तं खुशीत हाय. कायले पळवलं बे आपल्याले?" दादा हसला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून त्यांनी विषय संपवला आणि कपाशीच्या बियाण्यावर बोलू लागले. त्यांच्या दृष्टीनं सगळं नीट झालं होतं.

त्यानंतरही मुलीचा फोन रोज चारला यायचा. एक दिवस चुकला नाही. "कशी आहेस?" म्हटलं की म्हणायची, "बरं हाय." जेवलीस का, तर हो. घरचे कसे आहेत, तर मजेत. मग आमच्याकडची चौकशी करायची, मका निघाला का, बाबांची पाठ कशी आहे, आणि दहाव्या मिनिटाला फोन ठेवायची. तिच्या बाबांना फार समाधान वाटायचं. ते लोकांना सांगायचे की एकदा जाऊन आलो, तेव्हापासून पोरीचं रडणं बंद झालं.

मी त्या दहा मिनिटांत बारीक कान देऊन बसायचे. आवाज चढतो का, थांबते का. कुठं काही लागायचं नाही. मी ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवतात तसा तिच्या शब्दांवर हात ठेवून बघायचे आणि प्रत्येक वेळी ते गार लागायचे. पूर्वी ती मला कंपनीतल्या चहावाल्याशी झालेलं भांडणसुद्धा सांगायची. माझी एकुलती एक मुलगी मला आता काही सांगणार नाही, हे मला त्या पावसाळ्यात हळूहळू कळत गेलं. रात्री झोप लागायची, जेवणही जायचं, पण दुपारी साडेतीन वाजले की मी हातातलं काम टाकून फोनजवळ जाऊन बसायचे.

दिवाळीच्या आधी मी शाळेत गेले आणि ते जुनं पुस्तक मागून आणलं. निवृत्त बाईंना कोण नाही म्हणतं. ती दोन पानं मी पुन्हा वाचली. किती हत्ती धरले ते होतं. कोण कुठल्या किल्ल्यात लपलं ते होतं. पत्र कुठंच नव्हतं. तिनं पत्रात काय लिहिलं हे कुणालाच माहीत नाही, फक्त ते वाचून बापानं काय केलं तेवढं माहीत आहे. फौज पाठवा असं तिनं लिहिलंच असेल कशावरून? कदाचित तिनं लिहिलं असेल की इथली बोली वेगळी आहे, मला करमत नाही, तुम्ही फक्त वाचा. आणि लढाई संपल्याची बातमी बिदरला पोचली, तेव्हा ती तर तिथंच होती ना. ज्या घराच्या फौजेनं तिच्या बापाला हरवलं त्याच घरात. सकाळी उठून ती बाहेर कशी आली असेल, दासींनी तिच्याकडे कसं बघितलं असेल, तिला कुणी काही विचारलं असेल का. त्या दोन पानांत लढाईनंतर तिचा उल्लेख एकदाही नाही. मी पुस्तक मिटलं आणि मला रडू आलं. आधी तिच्यासाठी आलं, मग कुणासाठी येत होतं ते मला ठाऊक होतं.

दिवाळी झाल्यावर मी ह्यांना सांगितलं की मी एकटी बिदरला जाते.

"एकटी कायले? आमी येतो ना."

"तुम्ही नको," मी म्हटलं. "कुणीच नको." ते जरा रुसले, पण बसस्टँडवर सोडायला आले.

या वेळी मी आधी फोन करून कळवलं. एसटीनं नांदेड आणि तिथून बिदर. विहीणबाईंनी दार उघडलं आणि उंबऱ्यात असतानाच मी पाणी मागितलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आत गेल्या आणि पेला घेऊन आल्या. मी तो उभ्यानंच प्यायले आणि आणखी एक मागितला. मुलगी मागे उभी होती. ती आणायला हलली नाही.

याचा अर्थ मला दुसऱ्या दिवसापासून लक्षात यायला लागला. शेजारच्या कुणी बाई बसायला आल्या. विहीणबाई गुडघ्यावर हात टेकत, कण्हत उठल्या आणि पाणी आणायला स्वतः आत गेल्या. तरणीताठी सून समोर बसून होती. तिसऱ्या दिवशी दुकानातले दोघं आले, तेव्हाही तसंच.

त्या संध्याकाळी मुलगी मला किल्ला दाखवायला घेऊन गेली. लाल दगडाचा प्रचंड किल्ला, आत पडके महाल, चिंचेची झाडं, शाळेची सहल आलेली. आम्ही एका कट्ट्यावर बसलो. मी तिला विचारलं की पाहुण्यांना पाणी तू का देत नाहीस.

तिनं पायाशी पडलेली चिंचेची डहाळी उचलून तिची पानं खुडली. मग म्हणाली, "तुमी येऊन गेले तवापासून अत्ते मले देऊ देत नाही. तोंडानं काही म्हंत नाही. ट्रे हातात घ्याले गेली का आपनच उठते. त्यायले वाटते, हिच्या हातचं पानी हिचे मानसं घेत नाहीत, तं लोकांपुढं कायले?"

"सहा महिने?"

"हाव."

मी म्हटलं, "मी बाबांना सांगायला नको होतं. आणि तू ट्रे घेऊन माझ्यासमोर आलीस तेव्हा मी पाणी घ्यायला हवं होतं. माझं चुकलं."

"हाव," ती म्हणाली. "चुकलंच तुह्यं."

तिनं समजूत घातली नाही, जाऊ दे म्हटलं नाही. मी तिची आई आहे, तिचा स्वभाव कुठून आला हे मला माहीत आहे. मला उलट बरं वाटलं की निदान एवढं तरी ती मला खरं बोलली. सहलीच्या पोरांना त्यांचे गुरुजी ओळीत उभं करत होते ते आम्ही बघत बसलो.

निघायच्या दिवशी सकाळी मी विहीणबाईंजवळ जाऊन बसले. त्या शेंगा फोडत होत्या, मीही फोडायला लागले. माझ्या हिंदीत, जमेल तसं, मी त्यांना सांगितलं की ती रीत आमच्याकडची, पाणी नाकारलं तो राग दाखवायचा प्रकार, जातीचा त्यात काही संबंध नाही. आणि राग करण्यासारखंही काही नव्हतं. तिनं मला बोलावलं नव्हतं, मीच माणसं घेऊन आले. चूक माझी आहे, मुलीची नाही.

त्यांनी दोन-चार शेंगा फोडल्या. "आप मास्टरनी हैं ना?" त्या म्हणाल्या. "इत्ता पढ के भी?"

"हां," मी म्हटलं. मला आयुष्यात एवढं कुणी थेट बोललं नव्हतं. मी शेंगा फोडत राहिले. त्यांनी मला खण-नारळ दिला, ओटी भरली. मुलीला आतून पाणी आणायला सांगितलं, असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं त्यांनी सांगितलं नाही. अशा गोष्टी एका सकाळी होत नाहीत.

घरी आल्यावर पुन्हा रोजचे दहा मिनिटांचे फोन सुरू झाले. मी काही उकरलं नाही. असे दोन-तीन आठवडे गेले. मग एका दिवशी सकाळी अकराला फोन वाजला, भलत्याच वेळी. मी हरभऱ्याची भाजी खुडत होते. तिनं "आई" म्हटलं. मी हातातली भाजी खाली ठेवली आणि मागच्या अंगणात गेले, जिथून ओसरीवर ऐकू जात नाही.

ती बोलायला लागली. चाळीस मिनिटं बोलली. मध्ये रडली, मध्ये चिडली, एकदा हसलीसुद्धा. मी फक्त हं म्हणत राहिले. दोनदा माझ्या जिभेवर सल्ला आला, तो मी दातांखाली धरला. एकदा तर एवढा राग आला की तुळशीच्या कट्ट्यावर बसावं लागलं. शेवटी तीच दमली.

"आई, हायेस का?"

"आहे."

"काही म्हंतच नाही तं."

"ऐकते आहे," मी म्हटलं.

फोन ठेवून मी ओसरीवर आले तेव्हा हे शेतातला पंप सुरू करायला जायचं म्हणून चपला घालत होते. "आज काऊन एवढा येळ? काय म्हंते पोरगी?"

"बरं आहे म्हणते."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि समाधानानं शेताकडे गेले.

मी पुन्हा भाजी खुडायला बसले. ती काय काय म्हणाली, ते मी इथंही लिहिणार नाही.